सगळ्या कारखान्यांची एकच पेटी

आपल्या बचत गटातलं कर्ज बरेचदा दवाखान्यातच जातं. म्हणून आज आपण कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची माहिती घेऊ.

एकट्या कारखान्याला कामगारांच्या आजारपणाचा खर्च झेपत नाही. म्हणून १९४८ साली कायदा झाला: सगळ्या मालकांनी आणि कामगारांनी एकाच पेटीत पैसे टाकायचे, आपल्या गटासारखे. आज १०० रुपये पगारामागे मालक सव्वातीन रुपये भरतो, कामगार पाऊण रुपया. पगार १२,००० असेल तर मालकाचे ३९०, कामगाराचे ९०. त्यातून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. कामगार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना, अटी पूर्ण असतील तर, २६ आठवडे पगाराइतके पैसे मिळतात.

कारखान्यात १० किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असला की हा हक्क लागू होतो. ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो.

महाडच्या एमआयडीसीत तुमच्या घरचं कुणी कामाला जात असेल, महाडचं असो की पोलादपूरचं, तर आज जेवताना तीन गोष्टी विचारा: पगारातून कापलेले पैसे भरले जातात का? विमा क्रमांक मिळाला का? त्यावर बायको-मुलांची नावं आहेत का? आजारी माणूस दारात असताना कागद शोधायला वेळ नसतो.