गुस्तार (स्पॅनिश क्रियापद)

'गुस्तार' हे स्पॅनिश भाषेतील नित्य वापरातील क्रियापद असून त्याचा प्रचलित अर्थ 'आवडणे' असा आहे. 'चव घेणे' या अर्थाच्या 'गुस्तारे' या लॅटिन क्रियापदापासून ते आले. त्याच कुळातील स्पॅनिश नाम 'गुस्तो' चव आणि आवड असे दोन्ही अर्थ दाखवते. मराठीतील 'रुची' या शब्दाचेही तसेच आहे.

वाक्यरचना

जी वस्तू आवडते ती या क्रियापदाचा कर्ता होते आणि ज्याला आवडते त्याच्यासाठी 'मे' (मला), 'ते' (तुला), 'ले' (त्याला, तिला) यांसारखी सर्वनामे येतात. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांच्या संख्येप्रमाणे बदलते, 'मला' मात्र तसेच राहते. संस्कृतातही रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला रुचते त्याची चतुर्थी होते, असे पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.३३) सांगितले आहे.

इंग्रजीत मात्र आवडणारी व्यक्तीच कर्ता असते. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांवरून स्पॅनिश शिकणारा मराठी विद्यार्थी 'यो' (मी) या शब्दाने वाक्य सुरू करतो आणि घरात असलेली रचना विसरून विनाकारण चुकतो. येथे मराठीवरूनच थेट स्पॅनिशकडे जाणे सोपे.

काळांच्या बाबतीतही हे साम्य टिकते. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव एकदा पाहून आलेला 'मे गुस्तो एल लागो' (मला तलाव आवडला) असे म्हणेल. येथे आघात 'तो'वर येतो. लहानपणच्या आवडीविषयी सांगताना 'मे गुस्ताबा' (आवडत असे) हे रूप येते. 'मे गुस्तारिया बेर एल लागो' म्हणजे 'मला तलाव पाहायला आवडेल'. इच्छा नम्रपणे सांगण्याची ही रीत दोन्ही भाषांत आहे.

मराठी भाषकांच्या चुका

'मारियाला आवडते' हे मराठीत पुरेसे असते. स्पॅनिशमध्ये 'अ मारिया ले गुस्ता' असे म्हणावे लागते, म्हणजे जणू 'मारियाला तिला आवडते'. हा 'ले' मराठी भाषकाला अनावश्यक वाटतो, म्हणून तोच सर्वाधिक गळतो. 'मला कॉफी आवडते' यासाठी 'मे गुस्ता एल काफे' असे म्हणतात. त्यातील 'एल' या उपपदाला मराठीत प्रतिशब्द नाही.

व्यक्तीविषयी बोलताना सावध राहावे. 'मे गुस्तास' (तू मला आवडतोस किंवा आवडतेस) यातून बहुधा प्रेमाकर्षण सूचित होते. शिक्षक किंवा सहकारी यांच्याविषयी 'मे काए बिएन' असे म्हणणे योग्य.

'मला'ने सुरू होणारे प्रत्येक मराठी वाक्य मात्र या साच्यात बसत नाही. 'मला भूक लागली' यासाठी स्पॅनिश माणूस 'तेन्गो आम्ब्रे', म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे', असे म्हणतो. याउलट मराठीत 'माझे डोके दुखते' असे म्हटले जाते, तर स्पॅनिशमध्ये 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे 'मला डोके दुखते'.