औषधाने व्रत मोडत नाही

आषाढ शुद्ध एकादशीस आपल्या घरोघरी उपोषण घडेल. या पर्वकाळी वाचकांपुढे पुराणातील आख्यान न मांडता स्वतःच्या घरातील एक प्रसंग मांडीत आहे. संकोच वाटतो, तरी मांडीत आहे.

२०११ सालच्या आषाढीस पंढरपुरातील एका मठात माझे कीर्तन होते. पूर्वरंगात मी निर्जळ एकादशीचे माहात्म्य मोठ्या आवेशाने प्रतिपादिले. आमच्या कुटुंबास मधुमेह आहे. सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती. गोळीपुरत्या घोटाखेरीज पोटात काही नव्हते. उत्तररंगात त्यांचे अंग घामाने निथळले, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या स्त्रियांस वाटले, भाव दाटला. मलाही तसेच वाटले आणि, खरे सांगतो, धन्य वाटले. श्रोत्यांतील एका डॉक्टरांनी बोटास सुई टोचून रक्तातील साखर मोजली. ती ४२ भरली.

मधुमेह्याची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे हा धोक्याचा इशारा होय. काही गोळ्या स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावतात. पोट रिकामे असले तरी त्या आपले काम करीतच राहतात. अशा वेळी रोगी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर मुखात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. कुटुंबास शुद्ध होती, म्हणून निभावले.

त्या रात्री मी 'धर्मसिंधु' उघडला. काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी तो १७९० मध्ये सिद्ध केला, तेही याच पंढरीचे. जल, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, हे वचन मला विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत होते. अशक्तास नक्तभोजनाची, फलाहाराची, प्रतिनिधीकडून उपोषण करविण्याचीही मुभा आहे. व्यासपीठावर यातले काहीच मला आठवले नव्हते! चरकाने परिचारकाच्या गुणांत अनुरागासमवेत उपचारांचे ज्ञानही सांगितले आहे. अनुराग माझ्यापाशी होता.

फराळाचे दुसरे टोकही सांभाळावयास हवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची भरली ताटली मधुमेह्याची साखर झपाट्याने चढविते. ज्या कंदापासून तो होतो, तो दक्षिण अमेरिकेतून आला. स्मृतिकारांनी साबुदाणा पाहिलाही नव्हता, मग त्याचा एवढा आग्रह कशास?

एकादशीच्या काही दिवस आधीच डॉक्टरांना विचारावे. गोळी वा इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये, मात्राही बदलू नये. गर्भवती आणि मूत्रपिंडविकाराचे रुग्ण यांनी तर विचारल्याखेरीज संकल्पच सोडू नये.

आता आमच्या घरी आषाढीचे निराहार उपोषण मी करतो, कुटुंबाच्या वतीनेही. त्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले दूध, फळ आणि थोडी भगर घेतात. साखर मोजण्याचे यंत्र देवघराच्या कोनाड्यात असते. दुपारी बोटास सुई टोचून त्या आकडा मोठ्याने वाचतात आणि मी तो पंचांगाच्या समासात टिपून ठेवतो.