तापलेल्या खोलीत श्वास सांभाळा

जानेवारीतली गोष्ट. शिकागोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा रात्री फोन आला. तिच्याकडे बाहेर बर्फ पडत होता, तापमान शून्याच्या खाली १५ अंश, आणि ही बाईसाहेब ४० अंशांच्या खोलीत योगासने करून घरी परतली होती.

"अगं, अर्धचंद्रासन झालं, उत्कटासन झालं, गरुडासनात एका पायावर उभी राहिले आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख! मटकन खालीच बसले."

शिक्षिकेने तिला पाणी दिले आणि खोलीबाहेर न जाता बसून राहायला सांगितले. वर्ग सुटल्यावर शेजारच्या बाईने धीर दिला, पहिल्या दिवशी सगळ्यांचेच असे होते.

"सगळ्यांचं होतं म्हणजे ते बरोबर असतं का गं?" तिचा प्रश्न.

योगाच्या देशात राहतो म्हणजे अशी उत्तरे आपल्या पदरात बांधलेली असणार, असा परदेशातल्या नातेवाइकांचा समज असतो. मी तिला उलट विचारले, "तेव्हा तुझा श्वास कसा चालला होता?" ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "श्वासाकडे कुणाचं लक्ष होतं? तोंड उघडं टाकून धापा टाकत होते."

कलकत्त्याचा उकाडा

हॉट योगा म्हणून आज जगभर जे शिकवले जाते, त्याचे मूळ कलकत्त्यात आहे. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष तेथे व्यायाम व योगासने शिकवत. त्यांचे शिष्य विक्रम चौधरी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गेले आणि २६ आसने व दोन श्वसनक्रिया यांचा ९० मिनिटांचा ठरीव क्रम त्यांनी तेथे लोकप्रिय केला. खोलीचे तापमान सुमारे ४० अंश, हवेतील आर्द्रता ४० टक्के. बंगालमधला उन्हाळाच जणू हीटर लावून खोलीत कोंडायचा! पुढे २०१३ पासून या गुरूंवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्यांच्या माजी कायदेविषयक सल्लागार महिलेला लक्षावधी डॉलरची भरपाई मंजूर केली आणि त्यानंतर ते अमेरिका सोडून गेले. अनेक केंद्रांनी त्यांचे नाव पाटीवरून काढले. तापलेली खोली मात्र कायम राहिली.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत असे वर्ग निघाले आहेत. आणि खरे सांगायचे तर मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पंखा बंद करून सूर्यनमस्कार घालणाऱ्याला वेगळा वर्ग शोधायची गरजच नाही. तेव्हा पुढची माहिती त्यांच्याही कामाची आहे.

घेरी का येते?

कुत्रा उन्हातून आला की जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याचे शरीर त्याने थंड होते. माणसाची सोय निराळी आहे. आपण थंड होतो ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम गळून उपयोग नाही, तो अंगावरून उडून जायला हवा. दमट, कोंडलेल्या खोलीत तो नीट वाळत नाही, खाली चटईवर ठिबकत राहतो. म्हणून "आज किती घाम गाळला!" याचा अभिमान बाळगण्यात फारसा अर्थ नाही. घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात हा समजही तसाच. ते काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामातून जाते ते प्रामुख्याने पाणी आणि मीठ.

शरीर तापले की श्वास आपोआप जलद होऊ लागतो. त्यात आपण तोंडाने भराभर हवा ओढू लागलो तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. हा वायू म्हणजे केवळ टाकाऊ माल, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद राहण्यासाठी तो ठरावीक प्रमाणात रक्तात असावा लागतो. तो घटला की त्या वाहिन्या आकसतात, मेंदूला रक्त कमी पोचते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते. त्याच वेळी उष्णतेमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, उभे राहून राहून रक्त पायांकडे उतरलेले असते, त्यामुळे रक्तदाबही खाली येतो. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या की डोळ्यांपुढे काळोख! गंमत अशी, की माणसाला त्या वेळी "हवा कमी पडते आहे" असे वाटते आणि तो आणखी जोराने श्वास ओढतो. माझ्या बहिणीने नेमके तेच केले होते.

श्वास घ्यावा कसा?

या क्रमाची सुरुवात उभ्याने करायच्या दीर्घ श्वसनाने होते. पाय जुळवून ताठ उभे राहायचे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून हनुवटीखाली धरायची. मनात सहा आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि कोपरे दोन्ही बाजूंनी वर न्यायची. मग तेवढ्याच वेळात तोंडाने श्वास सोडत डोके मागे झुकवायचे आणि कोपरे समोर जवळ आणायची. असे दहा वेळा, आणि पुन्हा दहा वेळा. नवशिक्याला सहा आकडे झेपत नाहीत. त्याने चारच मोजावेत. ओढूनताणून छाती भरण्यापेक्षा ते बरे. मानेचे दुखणे असेल तर डोके मागे टाकू नये, नजर समोर ठेवावी.

यानंतर मात्र तोंड मिटायचे. आसने चालू असताना श्वास नाकानेच घ्यायचा आणि नाकानेच सोडायचा. नाकाची वाट अरुंद असल्यामुळे श्वासाचा वेग आपसूक आवरला जातो, आणि तोच तर आपल्याला हवा आहे. श्वास घेताना पोट आणि खालच्या फासळ्या हलक्याच फुलाव्यात, खांदे वर चढू नयेत. सोडताना थोडा अधिक वेळ घ्यावा. पुढे वाकताना श्वास सोडत जावे. मागे वाकताना छाती भरलेली ठेवून थोडाथोडा श्वास सोडण्याची एक पद्धत या वर्गांत शिकवतात. ती मुरलेल्यांसाठी ठीक आहे. नव्याने येणाऱ्याने श्वास कोठेही कोंडू नये, कारण श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो आणि सोडल्यावर तितक्याच झपाट्याने उतरतो.

मग आसन जमते आहे की नाही हे ओळखावे कसे? आरशात बघून नव्हे. तोंड मिटून, आवाज न करता नाकाने श्वास घेता येतो का, एवढेच पाहावे. येत नसेल तर आसन सोडून बसावे. बसूनही दोन-तीन मिनिटांत श्वास शांत झाला नाही तर आडवे व्हावे. मळमळ, डोकेदुखी, अंगावर काटा, भ्रमिष्टासारखे वाटणे यांपैकी काही जाणवले तर शिक्षक काहीही म्हणोत, सोबत कोणाला तरी घेऊन सरळ खोलीबाहेर थंड हवेत यावे. कारण ही उष्माघाताची पहिली पावले असू शकतात. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा वर्गातील काही निरोगी, सराव असलेल्या लोकांच्या शरीराचे आतले तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्याचे आढळले होते. तेही त्यांना विशेष काही त्रास जाणवत नसताना.

क्रमाच्या शेवटी वज्रासनात बसून कपालभाती करतात. नाव आपले, पण रीत वेगळी. मेणबत्ती फुंकावी तसा तोंडाने श्वास बाहेर टाकायचा. आपल्या परंपरेत कपालभातीत नाकानेच झटका देतात. दीड तास तापलेल्या शरीराने झटपट फुंकर मारत सुटणे म्हणजे पुन्हा कार्बन डायऑक्साइड घालवणे. तेव्हा डोके आधीच हलके झाले असेल तर ही क्रिया सोडून द्यावी आणि शवासनात पडून राहावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर ती करूच नये. खरे म्हणजे या मंडळींनी त्या खोलीतही जाऊ नये. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

जुने ग्रंथ काय म्हणतात?

आपल्या हठयोगाच्या ग्रंथांना घाम परका नाही. 'हठयोगप्रदीपिके'त प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगावर चोळावा असे सांगितले आहे. पण तो आतून, श्वासाच्या अभ्यासाने आलेला घाम. याच ग्रंथात प्राणाला सिंह-हत्तीप्रमाणे हळूहळू वश करावे, घाई केली तर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा आहे. 'घेरंडसंहिता' तर आणखी स्पष्ट बोलते. योगाभ्यासाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा. ग्रीष्मात केला तर तो रोगाला कारण होतो. मुद्दाम ग्रीष्म तयार करून त्यात अभ्यासाचा आरंभ करणाऱ्यांना घेरंडमुनी काय म्हणाले असते, कोण जाणे!

उष्णतेचा वेगळा लाभ होतो का, हेही तपासले गेले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाच २६ आसनांचा क्रम काही जणांनी तापलेल्या खोलीत व काही जणांनी साध्या खोलीत बारा आठवडे केला. रक्तवाहिन्यांचे कार्य दोन्ही गटांत सुधारले.

हे सारे मी बहिणीला कळवले. तिने वर्ग सोडला नाही. बर्फातून आल्यावर ती ऊब किती बरी वाटते ते तुला नाही कळायचे, म्हणाली, आणि ते खरेच असेल. आता ती दोन तास आधी हलके खाते, दिवसभर पाणी पीत राहते आणि चटई मागच्या रांगेत दाराजवळ टाकते. गरुडासनाला तोंड उघडले की खाली बसते. परवा फोनवर सांगत होती, "शिक्षिकेने विचारलं, दमलीस का? म्हटलं, नाही, श्वासाची वाट बघतेय."