बांधलेल्या इंजिनाला ऑईल पंप कोणता?

आमचा व्यापार कापडाचा; ट्रक ठेवला तो मालेगाव-भिवंडी मालाची ने-आण करण्यापुरता. त्याचे इंजिन बांधले तेव्हा क्रँक ग्राइंड करून बेअरिंग, लायनर, पिस्टन सारे नवीन घातले. ऑईल पंप मात्र जुनाच धुऊन बसवला. मिस्त्री म्हणाले, "शेठ, गिअर चांगले आहेत, कशाला खर्च?" आम्हालाही ते गोड वाटले.

भिवंडीहून सूत भरून परतताना कसारा घाटात काटा खाली आला. ड्रायव्हरने गाडी तशीच वर रेटली आणि बेअरिंग धरले. खोलून पाहिले तर पंपाच्या झाकणावर आतून खोल चरे! तेल आधी पंपातून जाते, मग फिल्टरमधून. खालची जाळी बारीक कण अडवत नाही, म्हणून जुन्या बिघाडाची कीस पंपानेच खाल्ली होती.

दुसऱ्या वेळी दुकानदाराने मोठा पंप पुढे केला, "जास्त तेल फेकतो." तो आम्ही घेतला नाही. पंप तेल ढकलतो. प्रेशर बनते ते वाट अरुंद असल्यामुळे. बेअरिंग झिजले की वाट रुंद होते आणि काटा पडतो. बेअरिंग नवे असताना मोठ्या पंपाचे जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरमध्येच पडणार. तेल तापेल, डिझेल वाया जाईल.

तेव्हा पंप आपल्या इंजिनाच्या नंबराचाच घ्यावा आणि जुन्याशेजारी ठेवून गिअर, शाफ्टची लांबी, पाइपाचे तोंड ताडून पाहावे. नवा असला तरी झाकण उघडून फिलर गेजने फट मोजावी व कंपनीच्या पुस्तकाशी मिळवावी. व्हॉल्व्हचा पिस्टन बोटाने सहज सरकला पाहिजे. ब्लॉकमधील तेलाच्या वाटा आणि ऑईल कूलर धुतला नसेल तर नवा पंपही तीच कीस खाईल. बसवताना पंपात तेल भरावे. कोरडा पंप तेल लवकर उचलत नाही.

खोके अस्सल आणि आत माल नकली, हेही चालते. पक्के बिल मागावे. थानातला डाग आम्ही गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. ऐब लपवून विकणे आपल्या दीनात जायज नाही, मग ते कापड असो की पंप.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना डॅशबोर्डच्या काट्यावर न विसंबता ब्लॉकला वेगळा गेज लावून घेतला. ड्रायव्हरला ताकीद दिली आहे, काटा पडला की गाडी जागेवर बंद. माल दोन दिवस उशिरा पोहोचला तरी व्यापाऱ्याशी आम्ही बोलू.