बोहाडा : मशालीच्या उजेडातले नेपथ्य
बोर्डीच्या किनाऱ्यावरून पूर्वेचे डोंगर चढले की जव्हार-मोखाड्याचा बोहाडा हा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव भेटतो. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी ही रंगभूमीची चारही अंगे इथे गावच सांभाळते. रंगमंच म्हणजे गावाची वाट. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगीत मुखवटे चढवून गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे रात्री निघतात. हलत्या मशालीत भडक रंग आणि ठसठशीत डोळेच लांबून उठून दिसतात. मुखवटा घडवणाऱ्याची ही जाण कोणत्याही कसलेल्या प्रकाशयोजनाकाराच्या तोडीची आहे. संबळ-पिपाणीच्या तालावर सोंग नाचत पुढे सरकते. होळीनंतर उन्हाळ्यात बोहाडे सुरू होतात. संग्रहालयातल्या काचेआड मुखवटे पाहून समाधान मानू नका, एक रात्र काढून जाच.