‘जीव तर वाचला ना?’

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये दर गुरुवारी दुपारी भरणारी दुखण्याची ओपीडी दिवाळीनंतर बंद झाली. ती चालवणारे भूलतज्ज्ञ हैदराबादला गेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. इतकी वर्षं ती दुपार त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवली, फी कधी घेतली, कधी घेतली नाही. तक्रार ही आहे की एक माणूस गाव सोडून गेला आणि आमची सगळी सोय त्याच्यासोबत गेली. तिथं किनवट, मुखेड, देगलूर, अहमदपूरकडच्या बायका यायच्या. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या, रिपोर्ट स्वच्छ असलेल्या, आणि तरीही काखेत आग होते म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या. त्यांच्यातलीच मी एक.

२०२५ च्या नोव्हेंबरच्या १४ तारखेला अमली पदार्थविरोधी कायदा लागू होऊन ४० वर्षं झाली. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, पण त्याआधीचं थोडक्यात सांगते.

थोडक्यातच, कारण स्तनाच्या शस्त्रक्रियेचा तो इतिहास वाचताना मला कंटाळाही येतो आणि रागही येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॉलस्टेड या सर्जनने स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढायची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर बहुतेक तेच चाललं. मुंबईत १९४१ साली टाटा रुग्णालय उघडलं. पुढे स्नायू वाचवणारी, मग स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया आली. आपल्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय झालं आणि तिथं १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाऊ लागली. हे काम मोठंच आहे. पण अशा नोंदवह्यांत रोग असतो, मृत्यू असतो. वाचलेल्या बाईचा हात पुढे कुठवर वर गेला, यासाठी रकाना नसतो.

माझी शस्त्रक्रिया २००६ ची, मुंबईला झालेली. उजवी बाजू. छाती आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग शेक. मी शाळेत मराठी शिकवायचे. रजा संपवून रुजू झाले आणि पहिल्याच तासाला कळलं की खडू धरलेला हात खांद्याच्या वर जात नाही. मग फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात मी लिहायचे आणि वरच्या भागात वर्गातली एखादी उंच मुलगी लिहायची. काखेपासून कोपरापर्यंतची आतली कातडी बधिर झाली होती, चिमटा काढला तरी कळायचं नाही. आणि नेमक्या त्याच जागी संध्याकाळ झाली की तव्याचा चटका बसल्यासारखी आग व्हायची. जी छाती उरलीच नव्हती तिच्या जागी कधी खाज सुटायची, कधी कळ निघायची. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी होती. तिच्या कामांसाठी आधीपासून सगळं नांदेड खणून ठेवलं होतं. वजिराबाद ते श्यामनगर रिक्षात बसून जायचं म्हणजे प्रत्येक खड्डा त्या व्रणात मोजायचा.

तपासणीला गेलं की डॉक्टर रिपोर्ट बघत. सगळं उत्तम आहे म्हणत. दुखतं म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: जीव तर वाचला ना? थोडंफार दुखणारच. घरी तेच, शाळेत तेच, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या तोंडीही तेच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण या एका प्रश्नानं माझ्यासारख्या कितीतरी जणींची तोंडं बंद केली. वाचलेल्या बाईनं कुरकुर करायची नाही, दुखणं म्हणजे वाचल्याची किंमत समजून मुकाट भरायचं, हे ज्यांनी आमच्या गळी उतरवलं त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

दुखण्याबद्दल खरं बोलणं व्हायचं ते दादरला, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. तपासणीसाठी रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी मुंबई गाठायची. धर्मशाळेत बीड, जालना, लातूर, पार खानदेशातल्या बायका भेटायच्या. दोरीवर धुणं वाळत घालताना कुणाचा हात कुठवर जातो हे न सांगता दिसायचं. औशाकडची एक अक्का होती. ती म्हणाली, ‘‘माय, कापल्या जागी दुखायलंय म्हटलं की लेक म्हणतंय, आता तिथं हाय काय दुखायला?’’ आम्ही सगळ्या खदखदून हसलो आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्याच अक्कानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची, जिथं ओढ लागेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, जरा टिकायचं, मग खाली यायचं. मग खोबरेल तेलाचं बोट घेऊन व्रणाच्या कडेनं हलकं गोल गोल फिरवायचं, म्हणजे कातडी खाली चिकटून बसत नाही. तिला हे एका फिजिओथेरपिस्टनं शिकवलं होतं, आणि अक्कानं किती जणींना शिकवलं असेल त्याला गणती नाही. आता केमो लातूरला मिळते, सरकारी कर्करोग रुग्णालय संभाजीनगरला आहे, बायका सकाळी जाऊन रात्री घरी परततात. हे व्हायलाच हवं होतं. पण बाईनं बाईला हात वर करायला शिकवण्याची ती जागा हरवली, आणि तिच्या बदली काहीच उभं राहिलं नाही.

दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे, हे मला २०१० मध्ये कळलं. त्याच भूलतज्ज्ञांनी, तेव्हा ते नवे नवेच होते, चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. दुसऱ्या बरगडीपाशी एक मज्जातंतू निघतो, काखेतून जातो आणि दंडाच्या आतल्या बाजूला पसरतो. काखेतल्या गाठी काढताना तो तुटतो, ताणला जातो किंवा व्रणात अडकतो. मग त्या जागेची स्पर्शाची जाणीव जाते, पण दुखावलेला तंतू मेंदूकडे खोटेच निरोप धाडत राहतो. बधिर जागा जळते कशी, याचं उत्तर मला चार वर्षांनी मिळालं. त्यांनीच सांगितलं की डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षं झालेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांना विचारलं, तेव्हा ४७ टक्के स्त्रिया दुखतं म्हणाल्या होत्या. तो अहवाल २००९ चा. म्हणजे जवळपास निम्म्या! आणि मला वाटायचं की मीच नाजूक.

त्यांनी लिहून दिली अमिट्रिप्टिलिन, रात्री एक, अगदी लहान मात्रेत. गोळी जुनी आहे आणि स्वस्त आहे. मोठ्या मात्रेत ती नैराश्यावर देतात, लहान मात्रेत ती मज्जातंतूच्या वेदनेवर चालते. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मॅडमच्या डोक्याला काही झालंय का? कितीतरी बायकांची गोळी अशा प्रश्नानं काउंटरवरच सुटते. मी ती घेतली. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, सकाळी गुंगी असायची. काही आठवड्यांनी मात्र सलग झोप लागायला लागली. आग पूर्ण गेली नाही, पण अर्ध्यावर आली. अर्ध्यावर आलेल्या दुखण्यासोबत माणूस शिकवू शकतो, भाकरी थापू शकतो, नातवाला घेऊ शकतो. ज्यांना ही गोळी मानवली नाही त्यांना गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन दिलं, काहींना काखेत भूल देऊन तंतू शांत केला. केमोमुळे तळपायांना मुंग्या येणाऱ्या काहींना ड्युलॉक्सेटिनचा गुण आला. इथं एक सांगितलं पाहिजे. कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन गोळी चालू असताना काही मानसोपचाराच्या गोळ्या तिच्या कामात आड येतात. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेऊ नका, चिठ्ठी डॉक्टरांकडूनच घ्या.

आणखी एक हिशेब बाकी आहे. ‘‘त्या हातानं वजन उचलायचं नाही, हात सुजेल.’’ आम्हा सगळ्यांना हे बजावलेलं होतं. मी घाबरून पिशवीसुद्धा डाव्या हातात घ्यायचे. हात वापरला नाही म्हणून खांदा आखडला आणि दुखणं वाढलं. २००९ मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं होतं की हळूहळू, शिकवल्याप्रमाणे वजन वाढवत नेलं तर सूज बळावत नाही. ते आमच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, टँकरभोवती घागरींच्या रांगा लागल्या. त्या रांगांत माझ्या ओळखीच्या दोघी होत्या, गाठ काढलेल्या. ‘वजन उचलू नका’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्यांना पाणी कोण भरणार हे विचारलं नव्हतं. घागर उचलायचीच आहे तर कशी, किती भरून, कोणत्या हातावर भार देऊन आणि हात सुजला तर पट्टा कसा बांधायचा, हे त्यांना शिकवायला हवं होतं. गुरुवारच्या ओपीडीत हे शिकवलं जायचं, म्हणून ती मला इतकी प्यारी.

आता तो कायदा. १९८५ च्या कायद्यानं अफूपासून बनणाऱ्या औषधांभोवती इतके परवाने आणि शिक्षा उभ्या केल्या की देशातला मॉर्फिनचा वापर शेकडो किलोवरून १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. आपल्याच मंदसौर-नीमचच्या रानांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि आपलीच माणसं मॉर्फिनविना तळमळून मेली. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडला दुखण्याचा दवाखाना काढून त्याविरुद्ध झगडा सुरू केला. २०१४ मध्ये संसदेनं कायदा सैल केला. माझ्यासारख्या तंतूच्या दुखण्यावर मॉर्फिन हे पहिलं औषध नव्हेच. पण त्या कायद्यानं डॉक्टरांच्या आणि दुकानदारांच्या मनात दुखण्याच्या औषधांबद्दल जी धास्ती बसवली ती गेली नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रामाडॉल हे वेदनाशामकही त्या कायद्याखाली आलं. त्याचा नशेसाठी गैरवापर होत होता, हे खरं. पण माझ्या ओळखीतल्या एकीला रीतसर चिठ्ठी असूनही तीन दुकानं फिरावी लागली, आणि चौथ्या दुकानात तिच्याकडे चोर असल्यासारखं पाहिलं गेलं.

२०१२ हे वर्ष आशेचं होतं. त्या वर्षी राज्यानं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं. त्याच जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. बायकांची शस्त्रक्रिया, केमो, शेक त्यातून होऊ लागलं, दागिने आणि जमिनी वाचल्या. आज ती योजना महात्मा फुले यांच्या नावानं चालते. पण तिचा जीव आहे तो रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांत. पाच वर्षांनी काख जळते म्हणून रोज घ्यायची गोळी, महिनोन् महिने करायचा व्यायाम, हातावरचा दाबपट्टा, याचा खर्च बाई आपल्या पदरच्या पैशानं करते. बहुतेक वेळा करतच नाही, कारण घरात त्याआधी दहा खर्च असतात.

एवढी सगळी औषधं आहेत, व्यायाम आहेत, बहुतेक स्वस्त आहेत. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. शस्त्रक्रिया जिथं होते तिथं भूलतज्ज्ञ असतोच. त्याची आठवड्यातली एक दुपार आणि एक फिजिओथेरपिस्ट, एवढंच हवं आहे.

तुमच्या घरात, गल्लीत अशी बाई असेल तर तिला ‘दुखतं का’ एवढंच विचारून थांबू नका, ती नाही म्हणेल. हात वर करून दाखव म्हणा. रात्री झोप लागते का विचारा. ब्लाउज घालताना कुठं टोचतं ते विचारा. दुखणं नवं असेल, वाढत असेल, हाडात किंवा पाठीत असेल तर आधी तिला तपासणीला न्या. जुनंच असेल तर दुखण्याची जागा, वेळ आणि तऱ्हा कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

गुरुवारच्या आम्ही बायकांनी सरकारी रुग्णालयात दर आठवड्याला दुखण्याची ओपीडी भरवावी म्हणून अर्ज लिहिला आहे. सह्या गोळा करणं चालू आहे. तुमचीही द्या.