नातवाला गेमबॉयवर संगीत करायचे आहे? घेण्याआधी हे पाहा



नातवाने जुना गेमबॉय मागितला, तर तो खेळण्यासाठीच हवा असेल असे नाही. निन्टेंडोच्या या यंत्रात आवाजाचे ४ मार्ग आहेत: २ सुरांचे, १ आपण घडवलेल्या लहरीचा आणि १ खरखरीचा, जो ठेक्याला उपयोगी पडतो. एलएसडीजे हे सॉफ्टवेअर कार्ट्रिजमध्ये घातले की त्यावर पूर्ण गाणे रचता येते.

१९८९ च्या मूळ मॉडेलचा खर्ज भरदार, म्हणून पहिली पसंती त्याला. १९९८ च्या गेमबॉय कलरचा प्रोसेसर दुप्पट वेगाने चालतो. ॲडव्हान्स एसपीला साधा हेडफोन लागत नाही, ॲडॅप्टर घ्यावा लागतो. डीएसमध्ये ही कार्ट्रिज चालतच नाही.

इंदुरात हातात घेऊन पाहता आला तर उत्तम. नाहीतर विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा. सेलच्या कप्प्यात गंज नको, हेडफोन दोन्ही कानांत वाजावा, सर्व बटणे चालावीत.

मुख्य गोष्ट: बऱ्याच कार्ट्रिजमध्ये रचना एका छोट्या सेलवर टिकून असतात. तो संपला की मुलांची महिन्यांची मेहनत पुसली जाते. म्हणून संगणकाला जोडता येणारेच कार्ट्रिज घ्या. बँकेत आम्ही नोंदींची दुसरी प्रत ठेवत असू; तीच सवय मुलांनाही लावा.